‘एरर 2’च्या वरची ओळ वाचा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सोर्स कोडवरून सॉफ्टवेअर कसं बिल्ड करायचं ते थोडक्यात सांगितलं होतं, म्हणजे टारबॉल (सोर्सच्या सगळ्या फाइलींचं गाठोडं) उतरवा, उघडा, कॉन्फिगर चालवा, मग मेक आणि मग मेक इन्स्टॉल, बस्स. त्यावर इतके मेल आले की हा महिना सगळा त्यालाच द्यायचं ठरवलं. बहुतेकांचं म्हणणं एकच, तुम्ही तीन कमांड सांगितल्या आणि आमची गाडी दुसऱ्या कमांडलाच अडकली. बरोबर आहे तुमचं. त्या तीन कमांडच्या मधे काय काय होतं ते मी तेव्हाच सांगायला हवं होतं. (कमांड आणि एरर इथे देवनागरीत छापल्यात, टाइप अर्थात रोमनमध्ये करायच्या.)

ताई, मी सोलापूरला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कंपायलरचा (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामचा) विषय आहे म्हणून जीसीसी हा कंपायलर सोर्सवरून बिल्ड करायला घेतला. उबुंटू आहे, 8 जीबी रॅम. कॉन्फिगरने जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या लायब्ररी मागितल्या, त्या तिन्ही पण मी सोर्सवरून बिल्ड करून होम फोल्डरमध्ये टाकल्या आणि कॉन्फिगरला पाथ दिला. मेक बराच वेळ चाललं आणि शेवटी ‘मेक: ऑल: एरर 2’ येऊन थांबलं. वरती कुठेतरी ‘कॅनॉट कंप्यूट सफिक्स ऑफ ऑब्जेक्ट फाइल्स’ असं आहे. तीन वेळा सगळं पुसून परत केलं, तेच येतं. लॅपटॉप खराब आहे का?

लॅपटॉपला काही झालेलं नाही, आणि तू जवळजवळ पोचलायस, म्हणून हे उत्तर जरा मोठं देते.

आधी ते ‘एरर 2’ डोक्यातून काढ. मेक हा प्रोग्राम एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमधलं मेक बोलावतो, ते तिसऱ्यातलं, असं खाली खाली जातं, आणि सगळ्यात खाली काही बिघडलं की प्रत्येक जण आपल्या वरच्याला फक्त एवढंच कळवतो की खाली काम झालं नाही. तलाठ्याकडे अडलेलं काम तहसीलमधून कळावं तसं, तहसीलच्या पत्रात कारण नसतंच, कारण तलाठ्याच्या टेबलावर असतं. ‘एरर 2’ म्हणजे ते तहसीलचं पत्र. त्यात तू मेकला एकावेळी आठ कामं करायला सांगितलं असशील तर आठ जणांचं आउटपुट एकात एक मिसळून येतं आणि खरी एरर दोनशे ओळी वर गेलेली असते. म्हणून मेकचं सगळं आउटपुट टी कमांडने एका लॉग फाइलमध्ये घे, आणि त्या फाइलमध्ये खालून नाही, वरून ‘एरर’ शब्द शोध. पहिली जी सापडेल ती आपली.

आता तुझी ती सफिक्सवाली ओळ. कॉन्फिगर काय करतं माहितीये का, तर ते दोन-तीन ओळींचे बारके बारके सी प्रोग्राम स्वतः लिहितं, कंपाइल करून बघतं, आणि जमलं की ‘येस’ छापतं, नाही जमलं की ‘नो’. स्क्रीनवर ‘चेकिंग फॉर’ अशा शेकडो ओळी पळतात ना, त्यातल्या बऱ्याच ओळींच्या मागे असा एक छोटा प्रोग्राम असतो. (हे कॉन्फिगर माणूस हाताने लिहीत नाही, 1991 मध्ये आलेल्या ऑटोकॉन्फ नावाच्या टूलमधून ते तयार होतं, म्हणून त्याच्या आत बघितलंस तर हजारो ओळींचं जंगल दिसेल, घाबरू नको.) ऑब्जेक्ट फाइलचं (कंपाइल केल्यावर निघणाऱ्या फाइलचं) शेपूट डॉट ओ आहे की डॉट ओबीजे हे कळायला ते एक जवळजवळ रिकामा प्रोग्राम कंपाइल करतं. तुझ्याकडे तो रिकामा प्रोग्रामच कंपाइल झाला नाही. म्हणजे भानगड शेपटाची नाहीये, कंपायलरच चालत नाहीये. आणि कुठला कंपायलर? उबुंटूचा नाही, तो चालतोय म्हणून तर इथपर्यंत आलास. नुकताच तयार झालेला तुझा नवा जीसीसी चालत नाहीये.

याचा पुरावा कॉन्फिग डॉट लॉग या फाइलमध्ये असतो. पण लक्ष दे, अशा फाइली अनेक असतात, प्रत्येक उपफोल्डरमध्ये एक. वरच्या फोल्डरमधली उघडलीस तर तिथे सगळं छान छान दिसेल. तुला हवी ती बिल्ड फोल्डरच्या आत एक्स86 वगैरे नावाच्या फोल्डरमध्ये लिबजीसीसी आहे, त्यातली. ती उघड, ‘सफिक्स’ शोध, आणि त्याच्या लगेच खाली जवळपास अशी ओळ सापडेल : ‘सीसी1: एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज: लिबएमपीसी डॉट एसओ डॉट 3: कॅनॉट ओपन’. झालं, सापडलं. तू त्या तीन लायब्ररी होम फोल्डरमध्ये ठेवल्यास, लिंक करताना कॉन्फिगरला पाथ दिलास, पण नवा कंपायलर प्रत्यक्ष चालू होताना त्या कुठे शोधायच्या हे लोडरला (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी शोधून आणणाऱ्याला) कोणी सांगितलंच नाही, तो बिचारा त्याच्या नेहमीच्या फोल्डरमध्ये बघतो आणि परत येतो.

उपाय सोपा आहे. त्या लायब्ररी वेगळ्या बिल्ड करूच नको. जीसीसीच्या सोर्समध्ये कॉन्ट्रिब नावाचा फोल्डर आहे, त्यात डाउनलोड प्रीरिक्विझिट्स नावाची स्क्रिप्ट आहे, ती सोर्सच्या मुख्य फोल्डरमध्ये उभं राहून चालव. ती योग्य आवृत्तीच्या जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी उतरवून सोर्सच्या आतच ठेवते आणि मग त्या जीसीसीबरोबर बिल्ड होऊन त्याच्या पोटातच जातात, शोधायचा प्रश्नच उरत नाही. मग सोर्सच्या बाहेर एक नवा कोरा फोल्डर कर, त्यात जा, आणि तिथून कॉन्फिगर चालव. सोर्सच्या आत बसून जीसीसी बिल्ड करू नको, जीसीसीवाले स्वतःच वेगळ्या फोल्डरमध्ये करा असं बजावून सांगतात. कॉन्फिगरला तीन गोष्टी सांग : प्रीफिक्स म्हणजे तुझ्या होममधला ऑप्ट-जीसीसी असा स्वतंत्र फोल्डर, लँग्वेजेस फक्त सी आणि सी प्लस प्लस, आणि डिसेबल मल्टिलिब, कारण ते 32 बिटच्या लायब्ररी मागत बसतं ज्या तुझ्याकडे नसणार आणि तुला लागणारही नाहीत. डिस्कवर 10 जीबीच्या आसपास मोकळी जागा ठेव. 8 जीबी रॅम आहे तर मेकला एकावेळी चारच कामं दे. दोन-तीन तास सहज जातील, चार्जर लावून ठेव.

आणि एवढा वेळ का लागतो ते तुला कळायलाच पाहिजे कारण तू कंपायलरच शिकतोयस. जीसीसी एकदा नाही, तीनदा बिल्ड होतो. पहिल्यांदा उबुंटूचा कंपायलर त्याला बनवतो. मग तो बनलेला जीसीसी स्वतःचाच सोर्स घेऊन स्वतःला परत बनवतो. मग तो दुसरा तिसऱ्याला बनवतो. आणि मग दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या ऑब्जेक्ट फाइली एकमेकींशी ताडून बघतात, त्या जुळल्या पाहिजेत, कारण दोन्ही फेऱ्यांना सोर्स तोच आणि बनवणारे दोन्ही कंपायलर त्याच सोर्समधून आलेले. जुळल्या नाहीत तर कंपायलर कुठेतरी चुकीचा कोड काढतोय. मला हा भाग इतका आवडतो की पहिल्यांदा स्क्रीनवर ‘कम्पॅरिझन सक्सेसफुल’ आलं तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला उठवून दाखवलं होतं. घाईत असलेले लोक डिसेबल बूटस्ट्रॅप देऊन ह्या फेऱ्या टाळतात, तू निदान एकदा तरी पूर्ण होऊ दे. 1987 मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसीची पहिली आवृत्ती दिली ती सीमध्ये होती, 2013 च्या 4.8 पासून मात्र जीसीसी बिल्ड करायला सी प्लस प्लस कंपायलर हाताशी असावा लागतो, हे जुन्या मशीनवर करायला गेलास तर आठवेल.

इन्स्टॉल झाल्यावर अजून दोन ठिकाणी अडशील ते आत्ताच सांगून ठेवते. पाथमध्ये तुझा बिन फोल्डर सगळ्यात पुढे लाव आणि नवीन टर्मिनल उघड, नाहीतर जीसीसी व्हर्जन विचारल्यावर जुनंच दिसेल आणि वाटेल की इन्स्टॉल झालंच नाही. दुसरं, नव्या जीसीसीने केलेला सी प्लस प्लस प्रोग्राम चालवताना ‘जीएलआयबीसीएक्सएक्स अमुक नॉट फाउंड’ आलं तर तो प्रोग्राम उबुंटूची जुनी लिबएसटीडीसी प्लस प्लस उचलतोय, त्याला लिंक करतानाच आरपाथने तुझ्या लिब64 फोल्डरचा पत्ता दे.

मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर झालं होतं, जीसीसीच्या आतल्या रचनेवर तिथे वर्कशॉप व्हायची. त्यांच्या स्लाइड शोधून वाच, तुझ्या विषयाला थेट उपयोगी आहेत.

मी मूळची नाशिकची, सध्या म्युनिकला रिसर्च करते. एलएलव्हीएम आणि क्लँग हे कंपायलरचे प्रोजेक्ट डीबग मोडमध्ये बिल्ड करतेय, फेडोरा, 16 जीबी रॅम, 16 थ्रेड. अगदी शेवटी लिंकिंगला ‘एलडी टर्मिनेटेड विथ सिग्नल 9, किल्ड’ येतं आणि कधी कधी आख्खं मशीन अडकतं. बिल्ड फोल्डर टेम्पमध्ये आहे म्हणजे जागेचा प्रश्न नसावा.

प्रश्न नेमका तिथेच आहे! फेडोरात टेम्प हा फोल्डर डिस्कवर नसतो, तो रॅममध्ये असतो. म्हणजे तुमच्या ऑब्जेक्ट फाइली रॅम खातायत आणि त्या जोडणारा लिंकरही त्याच रॅममधून मागतोय, आणि डीबगची एलएलव्हीएम म्हणजे कित्येक जीबीच्या फाइली. मग कर्नल बघतं की मेमरी संपली आणि सगळ्यात जास्त खाणाऱ्याला मारतं. डीमेसेग कमांडने कर्नलचे संदेश बघा, ‘आउट ऑफ मेमरी’ची ओळ असेलच.

बिल्ड फोल्डर होममध्ये हलवा. मग सीमेकला (इथे कॉन्फिगरचं काम तेच करतं) सांगा की लिंकिंगची कामं एकावेळी एकच किंवा फार तर दोन, त्यासाठी एलएलव्हीएम पॅरलल लिंक जॉब्ज असा खास पर्याय आहे पण तो मेकऐवजी निंजा हे टूल वापरलं तरच चालतो. टार्गेट्समध्ये फक्त एक्स86 ठेवा, नाहीतर तुम्ही कधी हातही लावणार नाही अशा डझनावारी प्रोसेसरांचा कोड बनत बसेल. लिंकर एलएलडी द्या, फरक घड्याळात दिसतो. आणि मनापासून विचारते, डीबग लागतंच आहे का? तुम्हाला तुमच्या पासमधल्या (कंपायलरमध्ये स्वतः घातलेल्या टप्प्यातल्या) चुका पकडायच्या असतील तर रिलीज बिल्ड करून असर्शन्स चालू ठेवा, बहुतेक वेळा तेवढ्यात भागतं. फोल्डर हलवल्यामुळे आत्ता एकदा नव्याने करावं लागेल, पण त्यानंतर मधेच थांबलं तर पुसू नका हं, त्याच बिल्ड फोल्डरमध्ये परत निंजा म्हटलं की अर्धवट राहिलेल्यापासूनच पुढे जातं.

एलएलव्हीएम 2000 साली इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि विक्रम आडवे यांनी सुरू केलं, आणि आडवे हे आयआयटी मुंबईचे विद्यार्थी, हे आपल्याकडे फार जणांना माहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहिलं.

मॅडम, मी पुण्यात आयटीत आहे, एक वर्ष झालं. उबुंटू 22.04 वर पायथॉन 3.10 आहे, मला 3.12 हवं होतं म्हणून सोर्सवरून बिल्ड केलं, प्रीफिक्स यूएसआर दिला आणि मेक इन्स्टॉल केलं. आता अॅप्ट (उबुंटूचा पॅकेज मॅनेजर) अपडेट केलं की ‘नो मॉड्यूल नेम्ड अॅप्ट पीकेजी’ येतं, आणि पायथॉनच्या लायब्ररी उतरवणारं पिप पण एसएसएल नाही म्हणून रडतं. ऑफिसचं मशीन आहे. फॉरमॅट करावं लागेल का?

फॉरमॅट नको. आधी श्वास घ्या, मग यूएसआर बिनमधली पायथॉन3 ही लिंक परत पायथॉन 3.10 कडे वळवा, आणि मग अॅप्टने पायथॉन3 मिनिमल आणि पायथॉन 3.10 मिनिमल ही पॅकेजेस री-इन्स्टॉल करा. अॅप्ट स्वतः सी प्लस प्लसमध्ये आहे म्हणून ते अजून चालतंय, हे तुमचं नशीब.

हे माझ्या हातून यापेक्षा वाईट झालेलं आहे. पहिल्या नोकरीत सेंटओएस 6 चा सर्व्हर होता, त्यात पायथॉन 2.6, एका लायब्ररीला 2.7 हवं होतं, मी बिल्ड केलं आणि यूएसआर बिनमधलं पायथॉन सरळ 2.7 कडे वळवलं. यम हा तिथला पॅकेज मॅनेजर पायथॉनमध्येच लिहिलेला, ते त्या क्षणी बंद पडलं, आणि ज्या टूलने दुरुस्त करायचं तेच टूल मी मोडून ठेवलेलं. रात्री साडेनऊला ऑफिसात मी एकटी, हात अक्षरशः गार पडले होते. शेवटी लिंक परत फिरवल्यावर यम चालू झालं, पण ती दोन तासांची भीती अजून लक्षात आहे, आणि तेव्हापासून यूएसआरमध्ये मी हाताने काही टाकलेलं नाही.

असं समजा की यूएसआर हे पॅकेज मॅनेजरचं स्वयंपाकघर आहे, कुठल्या डब्यात काय ते त्याने त्याच्या यादीत लिहून ठेवलंय. तुम्ही त्याच्या पाठीमागे जाऊन साखरेच्या डब्यात मीठ भरलंत, यादीत अजून साखरच आहे. तुमचं सामान तुमच्या फळीवर ठेवा, म्हणजे यूएसआर लोकल, किंवा त्याहून बरं ऑप्टमध्ये पायथॉन-3.12 असा वेगळा फोल्डर. आणि पायथॉनसाठी मेक इन्स्टॉल नाही, मेक ऑल्टइन्स्टॉल करायचं, त्याने फक्त पायथॉन3.12 या पूर्ण नावाची फाइल बसते, पायथॉन3 या नावाला धक्का लागत नाही.

पिपचं कारण वेगळं आहे. पायथॉनचं बिल्ड ओपनएसएसएलच्या हेडर फाइली (लायब्ररीत काय काय आहे ते कंपायलरला सांगणाऱ्या) सापडल्या नाहीत तरी थांबत नाही, ते एसएसएल मॉड्यूल गाळून पुढे जातं आणि शेवटी एका परिच्छेदात सांगतं की अमुक अमुक मॉड्यूलसाठी लागणारं सामान मिळालं नाही. तो परिच्छेद कोणी वाचत नाही कारण खाली सगळं यशस्वी दिसतं. बिल्ड करायच्या आधी लिबएसएसएल-डेव्ह, लिबएफएफआय-डेव्ह, झेडलिब1जी-डेव्ह, लिबएसक्यूलाइट3-डेव्ह, लिबरीडलाइन-डेव्ह एवढी टाका, म्हणजे डेव्ह शेपूटवाली. नुसती लिबएसएसएल असून उपयोग नाही, ती चालवायला लागते, बिल्डला हेडर लागतात आणि ते डेव्ह पॅकेजमध्ये असतात. सोर्सवरून काहीही करताना निम्म्या रडारडीचं मूळ हेच असतं.

गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) सोर्सवरून बिल्ड केलं, सगळं नीट झालं, पण क्लोन करताना ‘अनेबल टू फाइंड रिमोट हेल्पर फॉर एचटीटीपीएस’ येतं. – नांदेड

वरचंच दुखणं. लिबकर्लचं डेव्ह पॅकेज नव्हतं म्हणून एचटीटीपीएसचा भाग बिल्डच झाला नाही. ते टाका, मेक क्लीन करा, कॉन्फिगर परत चालवा आणि मग बिल्ड करा. आणि गिटची एक खोड माहीत असू द्या, कॉन्फिगर न करता नुसतं मेक इन्स्टॉल केलं तर ते तुमच्या होम फोल्डरमध्ये जाऊन बसतं, तेव्हा यूएसआर लोकलमध्ये शोधत बसू नका.

विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरतो. सी ड्राइव्हच्या ‘न्यू फोल्डर’मध्ये सोर्स ठेवून बिल्ड करतो. फार हळू चालतं आणि मधेच ‘नो सच फाइल’ येतं. – जळगाव

‘न्यू’ आणि ‘फोल्डर’च्या मधली ती मोकळी जागा! मेकच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावं आहेत. फोल्डरच्या नावात स्पेस नको, मराठी अक्षरं पण शक्यतो नकोत, मलाही वाईट वाटतं पण जुन्या स्क्रिप्ट त्यावर अडखळतात. आणि सोर्स सी ड्राइव्हवर न ठेवता डब्ल्यूएसएलच्या आतल्या होममध्ये ठेवा, लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर हजारो बारक्या फाइली वाचणं फार हळू असतं.

मी कोल्हापुरात सिक्युरिटीचं काम करतो. तयार पॅकेजवर विश्वास नाही म्हणून मी सगळं सोर्सवरून बिल्ड करतो, सोर्स उघडा असतो त्यामुळे धोका नाही असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

मत चांगल्या भावनेचं आहे पण मला ते पूर्ण पटत नाही, आणि का ते 2024 च्या एका गोष्टीवरून सांगते.

एक्सझेड हे फाइली दाबायचं टूल, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं. त्याच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये मागचं दार (बॅकडोअर) निघालं. 29 मार्च 2024 ला आंद्रेस फ्रॉइंड यांनी ते जगजाहीर केलं, ते पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे डेव्हलपर, आणि सापडलं कसं तर त्यांच्या डेबियन मशीनवर एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून आत यायच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता आणि त्यांनी ते सोडून दिलं नाही, खणत गेले. आता तुमच्या मुद्द्याशी संबंध बघा. ते मागचं दार उघडणारी एम4 फाइल (कॉन्फिगर तयार करायला लागते ती) गिट रिपॉझिटरीत नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती. पुढचा कोड टेस्टसाठी ठेवलेल्या बायनरी फाइलींच्या आत लपवलेला. म्हणजे कोणी गिटवरचा सोर्स ओळन्‌ओळ वाचला असता तरी दिसलं नसतं, आणि टारबॉल उतरवून कॉन्फिगर-मेक करणारा माणूस ती फाइल चालवणारच. टारबॉलवरची सही पण खरी होती, कारण ज्याने हे केलं तो, जिया टॅन नावाने वावरणारा, दोनेक वर्षं इमानदारीत काम करत करत प्रोजेक्टचा मेंटेनर झाला होता. पुढे ऐका, ती स्क्रिप्ट बघायची की हे बिल्ड डेबियन किंवा आरपीएम पॅकेजसाठी चाललंय का, आणि तसं असेल तरच कामाला लागायची. त्यामुळे या एका खेपेला हाताने बिल्ड करणारे वाचले आणि पॅकेजवाले धोक्यात आले, पण हे हल्लेखोराने ठरवलेलं होतं, तुमच्या सावधगिरीने झालेलं नाही.

आणि याच्याही खाली जायचं तर युनिक्सवाले केन थॉम्पसन यांनी 1984 मध्ये छापून आलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवून दिलं की कंपायलरमध्येच अशी गडबड करता येते की तो लॉगिन प्रोग्राम कंपाइल करताना त्यात मागचं दार घालेल, आणि स्वतःचा स्वच्छ सोर्स कंपाइल करतानाही तीच गडबड नव्या कंपायलरमध्ये उतरवेल. सोर्समध्ये काही नाही, बायनरीत पिढ्यान्‌पिढ्या आहे. वर सोलापूरच्या मुलाला ज्या तीन फेऱ्या सांगितल्या त्या पण हे पकडत नाहीत, कारण तिन्हीत तेच दूषण जाईल. यावर डेव्हिड व्हीलर यांनी उपाय मांडलाय, की तोच सोर्स एका पूर्ण वेगळ्या कंपायलरने बनवायचा, त्या बनलेल्याने परत तोच सोर्स बनवायचा, आणि शेवटचा निकाल बिटन्‌बिट ताडायचा. रिप्रोड्युसिबल बिल्ड्सवाले लोक त्याच दिशेने काम करतायत, की कुणीही कुठेही बिल्ड केलं तरी फाइल अगदी तीच निघाली पाहिजे.

मग तुम्ही काय करायचं? बिल्ड करत राहा, पण टारबॉलचा शा-256 (फाइलीच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) आणि जीपीजी सही दोन्ही तपासा, टारबॉल आणि गिटचा टॅग यांची फाइलींची यादी डिफने ताडा, आणि जास्तीची दिसलेली प्रत्येक फाइल कुठून आली ते शोधा. एक्सझेडची ती फाइल अशा ताडण्यात वर आली असती, पण खरं सांगायचं तर ऑटोकॉन्फने बनवलेल्या बऱ्याच जास्तीच्या फाइली टारबॉलमध्ये असतातच आणि त्या गर्दीतच ती लपली होती, म्हणून हे काम कंटाळवाणं आहे आणि कंटाळा न करता करावं लागतं. आणि मेक कधीही सुडोने (म्हणजे रूटच्या, मशीनच्या मालकाच्या हक्कांनी) चालवू नका, फक्त इन्स्टॉलला गरज असेल तरच. बिल्डच्या वेळी कुणाचाही कोड तुमच्या मशीनवर चालत असतो, त्याला रूटचे हक्क कशाला द्यायचे.

सोर्सवरून टाकलेलं काढायचं कसं? सोर्स फोल्डर डिलीट केलाय. – ठाणे

सोर्स असता तर मेक अनइन्स्टॉल करून बघता आलं असतं, अर्थात ते सगळ्या प्रोजेक्टमध्ये नसतं. आता तीच आवृत्ती परत उतरवा, त्याच प्रीफिक्सने कॉन्फिगर करा, आणि इन्स्टॉल करताना डेस्टडिर म्हणून एक रिकामा फोल्डर द्या, सगळ्या फाइली तिथे पडतील, ती यादी बघून यूएसआर लोकलमधल्या एकेक काढा. पुढच्या वेळी प्रत्येक टूलला स्वतःचा फोल्डर द्या आणि ग्नू स्टोने लिंका लावा, काढायचं झालं की लिंका काढून फोल्डर पुसला की संपलं.

मॅडम, मी रत्नागिरी जिल्ह्यात पॉलिटेक्निकला शिकवतो. लॅबची मशीन जुनी, इंटरनेट येतं-जातं. मुलांना सोर्सवरून बिल्ड करणं शिकवावं की अॅप्ट आहे तर वेळ कशाला घालवायचा? मी एकदा प्रयत्न केला तर निम्म्या मशीनवर ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ आलं आणि तास तिथेच संपला.

सर, शिकवाच. रोजच्या वापराला अॅप्टच चांगलं, त्यात दुमत नाही, नवी आवृत्ती हवी असेल किंवा एखादा पर्याय डिस्ट्रोवाल्यांनी (उबुंटू, फेडोरा वगैरे बनवणाऱ्यांनी) बंद ठेवला असेल किंवा कोडमध्ये स्वतः बदल करायचा असेल तेव्हाच सोर्सकडे जावं. पण एकदा स्वतःच्या हाताने केल्याशिवाय हेडर म्हणजे काय, लिंकर काय करतो, पाथ कशाला लागतो हे नुसतं फळ्यावरून डोक्यात शिरत नाही, मी स्वतः अशीच शिकलेय.

तुमचं क्लॉक स्क्यू मला लगेच कळलं. मेक काय करतं, तर फाइलीची वेळ बघतं : सोर्स ऑब्जेक्टपेक्षा नवा असेल तरच परत कंपाइल करायचं. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं तेव्हापासून ते ह्याच एका कल्पनेवर चालतंय. तुमच्या मशीनच्या मदरबोर्डवरचे सेल संपलेत, त्यामुळे चालू केलं की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, पेनड्राइव्हवरून आलेल्या फाइली ‘भविष्यातल्या’ दिसतात आणि मेक गोंधळतं. सीआर2032 नावाचा तो बटणासारखा सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो, बदलून टाका, आणि तोपर्यंत तास सुरू करताना डेट कमांडने तारीख लावून घ्या आणि उघडलेल्या सगळ्या फाइलींना टच मारा.

इंटरनेटवर अवलंबून राहू नका. घरून किंवा जिथे नेट बरं आहे तिथून टारबॉल उतरवून पेनड्राइव्हवर आणा, बिल्ड इसेन्शियल पॅकेज एकदाच सगळ्या मशीनवर टाकून ठेवा. सुरुवात ग्नू हॅलोने करा. हे खरंखुरं ग्नू पॅकेज आहे, त्याचं काम फक्त ‘हॅलो, वर्ल्ड’ छापणं, पण त्यात कॉन्फिगर आहे, मेकफाइल आहे, टेस्ट आहेत, भाषांतरं आहेत, मॅन पेज आहे, आणि जुन्या मशीनवर पण दोन-चार मिनिटांत होतं. प्रत्येक मुलाला प्रीफिक्स त्याच्या होमचा द्यायला लावा, रूट पासवर्ड कोणालाच लागणार नाही.

मग मुद्दाम मोडायला लावा. मेकफाइलमधल्या एका कमांडच्या आधीचा टॅब काढून तिथे आठ स्पेस द्यायला सांगा, ‘मिसिंग सेपरेटर, स्टॉप’ येईल. दिसायला दोन्ही सारखंच, त्यामुळे मुलं गोंधळतात, आणि तेव्हा त्यांना सांगा की ही टॅबची अट फेल्डमन यांना स्वतःलाही नंतर खटकली होती, पण तोवर डझनभर मित्र मेक वापरायला लागले होते आणि त्यांच्या फाइली मोडू नयेत म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. ते डझन लोक, आणि अट अजून चालू आहे. दुसऱ्या तासाला एक डेव्ह पॅकेज काढून घ्या आणि गिट बिल्ड करायला द्या, पण आधीच बजावा की स्क्रीनवरच्या शेवटच्या ओळीचा फोटो काढून कोणी माझ्याकडे यायचं नाही, पहिली एरर कुठली ते शोधून वहीत लिहून आणायची. लॅब झाली की कुठे अडलं ते मला नक्की कळवा सर, कॉन्फिग डॉट लॉगमधल्या त्या वीस-पंचवीस ओळी मात्र सोबत पाठवा.